बिनयजमानाचे घर

पाहुणा दाराशी यावा, त्यास सामोरे जाण्यास कोणीही नसावे आणि तरीही दार उघडावे, हा प्रकार मी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी प्रथमच अनुभवला. हायफा शहरातील एका लहानशा हॉटेलात आम्ही मायलेकींनी तीन रात्री काढल्या. त्या तीन रात्रींत जे घडले आणि जे सुचले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. अलीकडे आपल्यापैकी पुष्कळांना अशा ठिकाणी उतरण्याचा प्रसंग येतो, तेव्हा या अनुभवाचा कोणास काही उपयोग झाला तर श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

प्रथम निमित्त सांगते. २०२४ च्या शरद ऋतूत माझ्या भाच्यास राखीव दलात बोलावणे आले व तो उत्तर सीमेवर गेला. त्या दिवसांत आईने नवस बोलला की, नातू सुखरूप परत आला तर हायफाच्या गुहेत जाऊन एलियाहू हानाबीचा मलिदा करीन. देवाच्या कृपेने तो परतला. पुढे थंडी ओसरेपर्यंत थांबावे असे मी सुचविले. परंतु आईचे म्हणणे असे की, एलियाहू हानाबीचा नवस फेडायचा तो तू बिश्वातच्या सुमारासच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला लहानपणी ती दर वर्षी याच दिवसांत जात असे. खडकावरील रथाच्या खुणांना हात लावून तो हात डोळ्यांना लावायचा, ही तेथील रीत. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईशी वाद कोण घालणार?

२०२५ साली तू बिश्वात गुरुवारी, १३ फेब्रुवारीस आला होता. त्या दिवशी निघावे, शुक्रवारी सकाळी गुहेत मलिदा करावा, शब्बाथ नातवासमवेत हायफातच पाळावा आणि रविवारी सकाळच्या गाडीने बेरशेबास परतावे, असे ठरले. भाचा शिक्षणासाठी तीन मित्रांबरोबर तिसऱ्या मजल्यावरील भाड्याच्या घरात राहतो. तेथे लिफ्ट नाही. म्हणून त्याने स्वतःच्या खर्चाने आमच्यासाठी हॉटेलात खोली घेतली. "मावशी, छान बुटीक हॉटेल आहे. सेल्फ चेक-इन आहे, रांगेत उभं राहायला नको," असे त्याने फोनवर सांगितले. बुटीक हॉटेल म्हणजे थोड्या खोल्यांचे, जुन्या वास्तूत वा नव्या नमुन्यावर सजविलेले, प्रत्येक खोली निराळी असलेले हॉटेल. १९८० च्या दशकात लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांचा बोलबाला झाला व मग ती सर्वत्र पसरली, एवढे मला वाचून ठाऊक होते. सेल्फ चेक-इन म्हणजे काय, हे मात्र दाराशी उभे राहिल्यावरच कळले.

बेरशेबाहून हायफापर्यंत गाडीला सुमारे अडीच तास लागतात. गाडीत आम्ही तू बिश्वातची फळे खाल्ली. खजूर, अंजीर, सुके जर्दाळू असे सारे आईने डब्यात भरून घेतले होते. दुपारी तीनच्या आत आम्ही जर्मन कॉलनीत पोहोचलो. ही वसाहत १८६८-६९ साली जर्मनीतील वुर्टेम्बर्ग प्रांतातून आलेल्या टेम्प्लर नावाच्या ख्रिस्ती पंथीयांनी वसविली. रुंद सरळ रस्ता, दुतर्फा दगडी घरे, उतरती लाल कौले, आणि समोर कार्मेलच्या उतारावर २००१ साली खुल्या झालेल्या बहाई बागेचे एकोणीस मजगे. कित्येक घरांच्या दारांवर पवित्र शास्त्रातील वचने जर्मन भाषेत कोरलेली आजही दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी या लोकांना शत्रुराष्ट्राचे म्हणून स्थानबद्ध केले व पुढे येथून हलविले. घरे राहिली, वचने राहिली, घरवाले गेले. अशाच एका जुन्या घरात आमचे हॉटेल होते.

दारावर घंटा नव्हती. हातभर उंचीवर अंकांची एक काळी पाटी होती. भाच्याने माझ्या फोनवर पाठविलेल्या संदेशात बाहेरच्या दाराचे चार अंक, खोलीच्या दाराचे सहा अंक, वायफायचा शब्द आणि अकरा सूचना होत्या. मी अंक दाबले, पाटीने लाल डोळा दाखविला. पुन्हा दाबले, पुन्हा लाल. आई पिशवीवर बसली होती. ती म्हणाली, "अगं, हाक मार ना कोणाला तरी."

"आई, आत कोणी नसतं."

"हॉटेलात कोणी नसतं? मग हॉटेल कोणाचं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. एवढी वर्षे मुलांना मी बजावीत आले आहे की, प्रश्नपत्रिका हाती पडल्यावर आधी सूचना शेवटपर्यंत वाचा. तो धडा मीच विसरले होते. सातव्या सूचनेत लिहिले होते की, अंक तीन वाजल्यानंतरच चालतील आणि शेवटी चौकटीचे चिन्ह दाबावे. तीनला चार मिनिटे होती. आम्ही चार मिनिटे थांबलो, चिन्ह दाबले, हिरवा दिवा लागला आणि दार उघडले.

आत स्वागताचे टेबल नव्हते. एक लांब लाकडी मेज, सहा खुर्च्या, भिंतीला कॉफीचे यंत्र आणि पाण्याचे नळकोंडाळे, एवढेच. पहिल्या मजल्यावरची आमची खोली मात्र सुंदर होती. दगडी भिंत, पांढरीशुभ्र चादर, खिडकीतून बंदरातील बोटी. पलंग, मेज, खुर्ची आणि दिवा. मला शुनेमच्या त्या बाईची आठवण झाली, जिने एलिशा नबीसाठी गच्चीवर लहानशी खोली बांधून तिच्यात नेमक्या याच चार वस्तू ठेविल्या होत्या. खोलीत उणे असे काहीच नव्हते. आईने चौकटीवरील मेझुझाला हात लावून बोटे ओठांना लावली आणि पहिला प्रश्न केला, "मिक्लात कुठे आहे?" या देशात, आणि विशेषतः त्या वर्षी, हा प्रश्न पहिलाच असणार. घरमालक असता तर त्याने न विचारताच सांगितले असते. येथे तो मजकूर दाराच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत चिकटविलेला सापडला. मी आईला तळमजल्यावर नेऊन जागा दाखवून आणली.

रात्री पडल्यापडल्या आई कोकणातल्या गोष्टी सांगू लागली. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला यायचे आणि तेथून पुढे मावशीच्या गावी. अंगणात पाऊल टाकताच पाय धुवायला तांब्या पुढे येई, मागोमाग गुळाचा खडा आणि पाणी. "कोण आलं" हे विचारण्याआधी "जेवलात का" हे विचारले जाई. दाराला कुलूप असे ते घर कायमचे बंद झाले तेव्हाच. एरवी रात्रीची फक्त आतून कडी. ऐकता ऐकता मला झोप लागली.

आता जे सांगायचे आहे ते आठवले की आजही माझ्या अंगावर काटा येतो. पहाटे केव्हातरी मला जाग आली. शेजारचा पलंग रिकामा होता. न्हाणीघरात दिवा नव्हता. मी हाक मारली, ओ आली नाही. दार उघडून बाहेर पाहिले तो जिन्यात मिट्ट काळोख. मी पाऊल टाकताच दिवा आपोआप लागला, आणि खालून तिसऱ्या पायरीवर, अंगाभोवती शाल गुंडाळून बसलेली आई मला दिसली.

झाले होते असे. ती न्हाणीघराकडे जाण्यास उठली आणि अंधारात चुकून बाहेरच्या दाराची मूठ फिरविली. दार मागे आपोआप लागले. तिला अंक ठाऊक नव्हते, फोन खोलीत राहिला होता. तिने दार वाजविले. परंतु शेजारच्या खोल्यांतील लोकांची झोपमोड होईल म्हणून हळूच वाजविले, आणि दार जाडजूड. कोणाला बोलवावे म्हणून कठड्याला धरून ती खाली आली, तर खाली फक्त ते रिकामे मेज. जिन्यातील दिवा माणूस हलले तरच लागे आणि एक-दोन मिनिटांत विझे. म्हणून ती पायरीवर बसून अधूनमधून हात वर करीत होती, म्हणजे दिवा पुन्हा लागे. मग हात दुखू लागला, तेव्हा अंधारातच बसून राहिली. किती वेळ, ते तिला सांगता आले नाही. तिचे पाय बर्फासारखे झाले होते.

मी तिला वर आणले, पाय चोळले, किटलीत पाणी तापवून दिले. मला रडू येत होते आणि संतापही. कोणावर संतापावे तेच कळत नव्हते, कारण समोर कोणी नव्हते. शेवटी मी आईवरच चिडले. "एवढ्या जोरात दार वाजवायला काय झालं होतं तुला?" ती शांतपणे म्हणाली, "अगं, गलबत फुटून आपली माणसं नवगावच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा त्यांना कोणी अंक दिले होते का? उजाडेपर्यंत बसलीच असतील की." सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या ही आपली परंपरागत कथा मी वर्गात कितीदा सांगितली असेल! किनाऱ्यावरच्या त्यांच्या पहिल्या रात्रीचा विचार मात्र माझ्या मनात कधी आला नव्हता. तिने तो जिन्यात बसून केला होता.

त्या रात्री उरलेला वेळ मी दाराला खुर्ची लावून बसले.

शुक्रवारी सकाळी आईने जणू काही घडलेच नाही अशा रीतीने मलिद्याची तयारी मांडली. पोहे भिजवले, घरून खवून आणलेला नारळ, साखर, वेलची, बदाम-पिस्ते घातले, वर फळे रचली. भाचा टॅक्सी घेऊन आला. नातलगांपैकी काहीजण परस्पर गुहेपाशी आले. एलियाहू हानाबीची ही गुहा कार्मेलच्या पायथ्याशी, समुद्राच्या अंगाला आहे. आत स्त्रिया व पुरुष यांच्या जागा वेगळ्या. यहुद्यांप्रमाणेच ख्रिस्ती, मुसलमान आणि द्रूझ लोकही ही जागा पवित्र मानतात. आहाब राजाच्या भयाने नबी येथे लपून राहिला अशी श्रद्धा आहे. भाच्याने ताट हाती धरले, पुरुषांनी आशीर्वाद म्हटले. आई पडद्याच्या या बाजूला खडकाला कपाळ टेकून उभी होती. तिने काय मागितले ते मी विचारले नाही. नवस फेडायला आलेले माणूस बहुधा काही मागत नसावे.

परतलो तेव्हा दुपार झाली होती. हॉटेलात प्रथमच एक मनुष्य भेटले. खोल्या आवरणारी, चाळिशीतली अरब बाई, हातात चादरींचा गठ्ठा. आईने तिला थांबविले आणि कागदी बशीत मलिदा वाढून पुढे केला. आईचे हिब्रू बेताचे, त्या बाईचे भराभर बोलण्याचे, दोघींचे जमेना. आईने बोट डोंगराकडे करून "एलियाहू हानाबी" एवढेच म्हटले. त्या बाईचा चेहरा उजळला. "मार इलियास!" ती म्हणाली आणि बशी दोन्ही हातांनी घेतली. ती ख्रिस्ती होती आणि लहानपणी आईबरोबर त्याच गुहेत जात असे.

मग मी तिला रात्रीची हकीकत सांगितली आणि दुसरी अडचणही सांगितली, जी भाच्याच्याही लक्षात आली नव्हती. काही तासांत शब्बाथ लागणार होता. अंकांचे कुलूप विजेवर चालते. ते दाबून दार उघडणे आम्हांस शब्बाथात चालणार नव्हते. म्हणजे एकदा बाहेर पडलो की हवदालापर्यंत आत येणे नाही. जिन्यातील दिवा आमच्या चालण्याने लागे, तीही पंचाईत. सूचनांत दिलेल्या क्रमांकावर मी सकाळीच निरोप ठेविला होता. "आपला संदेश मिळाला" असे उत्तर तत्काळ आले होते, पण ते यंत्राचेच.

त्या बाईने चादरी खाली ठेविल्या, स्वतःच्या फोनवरून कोणाला तरी फोन केला आणि अरबी भाषेत बरेच काही सुनावले. नंतर माझ्याकडून फोनवर त्या माणसाशी बोलविले. पाच मिनिटांत मार्ग निघाला. अशा पुष्कळ कुलपांत अंकांच्या पाटीखाली, लहानशा झाकणाआड साध्या चावीचे भोक असते, हे मला तेव्हा कळले. चाव्या तळघरातील पेटीत होत्या. तिने आमच्या खोलीची व बाहेरच्या दाराची अशा दोन्ही आणून दिल्या. जिन्यातील दिवा रात्रभर चालू राहील असे बटण फिरविले. आता प्रश्न उरला दिव्यांचा. सूचना क्रमांक नऊ : खोलीत मेणबत्ती लावू नये. जुन्या घरात, लाकडी छताखाली, हा नियम रास्तच. ती म्हणाली, "खाली मेजावर लावा. मी धातूचा तबक देते. तेथे चालते, मी विचारले आहे." आईने तिचा हात हातात घेऊन मराठीत आशीर्वाद दिला. तिने तो अरबीत घेतला असावा.

पाच वाजण्यापूर्वी आईने त्या लांब मेजाच्या टोकाला दिवे लावले. भाचा चालत आला. मनुकांच्या सरबतावर किद्दूश झाला. घरून आणलेल्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, उकडलेली अंडी, हाला आणि उरलेला मलिदा असे आमचे जेवण. बाहेर पाऊस लागला होता. इतक्यात दारावर कोणी अंक दाबीत असल्याचा आवाज येऊ लागला. एकदा, दोनदा, तीनदा. आणि मग एका पुरुषाचा वैतागलेला स्वर. मी उठेपर्यंत आई उठली होती. आतून दार नुसत्या मुठीने उघडते. तिने ते उघडले आणि म्हणाली, "या, या."

साठीच्या पुढचे एक जोडपे भिजून उभे होते. ते उत्तर सीमेलगतच्या गावातले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती गावे रिकामी करण्यात आली, तेव्हापासून ते घराबाहेर होते. आधी एका मोठ्या हॉटेलात, मग मुलीकडे, मग दुसऱ्या हॉटेलात. दोन दिवस निवांत मिळावेत म्हणून येथे आले होते. बाईने ओले जाकीट काढीत आमच्या दिव्यांकडे पाहिले आणि ती एकाएकी स्तब्ध झाली. आईने खुर्ची ओढली आणि बशी वाढली. कोण, कुठले, हे काही न विचारता तिने हातानेच जेवणाची खूण केली. ते बसले. तो गृहस्थ बऱ्याच वेळाने म्हणाला, "सोळा महिन्यांत माझ्या खिशातून कितीतरी चाव्या आणि कार्डे गेली. माझ्या घराची चावी मात्र मी रोज जवळ बाळगतो, आणि तिने कोणतेही दार उघडत नाही." त्याच्या घराचे काय झाले होते ते त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. भाचा खाली मान घालून बसला होता. तो त्याच भागात होता. जेवण उरकल्यावर दोघे पुरुष पायरीवर जाऊन हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिले.

त्या शब्बाथाचा पाराशा यित्रो होता. दहा आज्ञांमुळे तो प्रसिद्ध आहे. परंतु त्याचा आरंभ एका पाहुण्याच्या आगमनाने होतो. सासरा येत आहे असे कळताच मोशे स्वतः त्याला सामोरा गेला, त्याला नमन केले, चुंबन घेतले, दोघांनी एकमेकांचे क्षेमकुशल विचारले आणि मग ते तंबूत गेले. ज्याच्या शिरावर साऱ्या प्रजेचा भार होता त्याने हे काम कोणावर सोपविले नाही. त्याला ते शिकवले कोणी? या यित्रोनेच. मिसरातून पळून आलेल्या अनोळखी मोशेला विहिरीपाशी सोडून मुली घरी आल्या, तेव्हा "त्याला का सोडून आलात, जेवायला बोलवा" असे तो म्हणाला होता. आमचे गाव बेरशेबा, म्हणजे अब्राहामाचे. तेथे त्याने एशेल लावला असे तोरा सांगते. एशेल म्हणजे फळबाग की धर्मशाळा, यावर तालमुदातील विद्वानांत मतभेद आहे. आणि त्या शब्दाच्या तीन अक्षरांत खाणे, पिणे व पोहोचविणे ही तीन कामे दडली आहेत असेही सांगतात. अन्नपाणी यंत्र देऊ शकेल. पोहोचवायला मात्र माणूसच लागतो.

एवढे लिहून मी यंत्राची बाजू मांडली नाही तर तो अन्याय होईल. या पद्धतीमुळे लहान घरांना हॉटेल चालविणे परवडते, आणि रात्री केव्हाही येणाऱ्यास ताटकळावे लागत नाही. आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या लोकांना तरी सांगावी लागू नये. या देशात आल्यापासून मी पुष्कळ टेबलांपुढे उभी राहिले आहे. टेबलामागचा माणूस माझ्या चेहऱ्याकडे पाहून कागद पुन्हा एकदा तपासतो, "तुम्ही खरोखरच यहुदी?" असे विचारतो, हे मी अनुभवले आहे. आधीच्या पिढीने तर याहून कठीण दिवस पाहिले. विवाहासाठी बेने इस्राएलांच्या वंशाची चौकशी करावी असे फर्मान निघाले, आणि १९६४ साली जेरुसलेममध्ये आपल्या माणसांनी ठाण मांडले तेव्हा कोठे समान हक्काचा शब्द मिळाला. दाराशी माणूस असला म्हणजे तो आदराने आत घेईलच असे नाही. अंकांच्या पाटीने मला माझे कूळ विचारले नाही, हे मी तिच्या पदरात टाकते. परंतु आई जिन्यात बसली होती हेही तिला कळले नाही. अपमान न करणे निराळे आणि आदरातिथ्य करणे निराळे, हे त्या तीन दिवसांत मला नीट उमगले.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. अशा ठिकाणी वडीलधाऱ्यांना घेऊन उतरणार असाल तर खोली घेण्यापूर्वी लेखी विचारा : रात्री प्रत्यक्ष माणूस बोलेल असा फोन आहे काय, आणि मिक्लात कोठे आहे? शब्बाथ मध्ये येत असेल तर साधी चावी, दिवे लावण्याची जागा आणि जिन्यातील दिवा यांची सोय गुरुवारपर्यंत करून घ्या. शुक्रवारी दुपारपर्यंत थांबू नका. ही कुलुपे लहान बॅटऱ्यांवर चालतात. त्या संपत आल्या की कुलूप निराळा आवाज करते, तो आला तर त्याच दिवशी कळवा. अंक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून वृद्धांच्या गळ्यात वा खिशात ठेवा, आणि रात्री न्हाणीघराचा दिवा चालू ठेवा. भारतातून येणाऱ्या आप्तांसाठी एक सूचना : पर्यटक म्हणून आलेल्यांस हॉटेलच्या भाड्यावर मूल्यवर्धित कर माफ असतो. आपल्याला तो १ जानेवारी २०२५ पासून १८ टक्के पडतो. सेल्फ चेक-इनच्या ठिकाणी पासपोर्टची व प्रवेशाच्या चिठ्ठीची प्रत आधी पाठवावी लागते, अन्यथा कर कापला जातो.

रविवारी सकाळी निघताना काही करायचे नव्हते. दार ओढून घ्यायचे, अंक अकरा वाजता आपोआप बाद होणार. चाव्या मी पेटीत टाकल्या. आई मात्र उंबऱ्यावर अडून राहिली. आपण घरातून निघताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. आणि ते कोणाला तरी उद्देशून म्हणायचे असते. तिने इकडे तिकडे पाहिले. खाली मेज रिकामे होते. ते जोडपे अजून उठले नसावे. मी घाई करीत होते, गाडीची वेळ झाली होती.

तेवढ्यात रस्त्यावरून ती खोल्या आवरणारी बाई येताना दिसली. तिची पाळी आठ वाजता सुरू होते, असे ती म्हणाली. तेव्हा साडेसात झाले होते. तिने आईची पिशवी उचलली आणि कोपऱ्यावरच्या टॅक्सीपर्यंत आणून दिली. आई गाडीत बसल्यावर काच खाली करून तिला म्हणाली, "येते हं." ती बाई हात हलवीत टॅक्सी वळेपर्यंत उभी होती.